बर्था बेन्झ व वाटेत अडलेली मोटार

आमच्या हदगावावरून नांदेड व यवतमाळ यांस जोडणारा जो हमरस्ता जातो, त्याच्या कडेला एखादी मालमोटार अडून पडलेली दिसली नाही असा दिवस क्वचितच उगवतो. चाकाखाली दगड लावलेला असतो, मागे बाभळीच्या चार फांद्या टाकून येणाऱ्या-जाणाऱ्यांस इशारा दिलेला असतो, आणि गाडीच्या पोटाखालून दोन पाय तेवढे बाहेर आलेले असतात. शाळेत येणारे आमचे विद्यार्थी तेथे हटकून रेंगाळतात व पहिल्या तासाला उशिरा येतात. त्यांना आम्ही रागे भरतो खरे. परंतु खरे सांगावयाचे तर त्यांच्या वयात आम्हीही तेथेच उभे राहत होतो.

काही वर्षांपूर्वी परीक्षेच्या कामासाठी आम्ही भाड्याच्या जीपगाडीतून नांदेडास निघालो होतो. अर्धापूर अजून दूर असता गाडीने दोन-तीन आचके दिले व ती निमूटपणे उभी राहिली. गाडीत आम्ही नऊ माणसे होतो व नवांची नऊ मते होती. कोणी बॅटरी गेली म्हणाले, कोणी इंजिनच गेले म्हणाले, एका गृहस्थांनी तर नवी गाडी घेण्यास किती खर्च येईल याचाही हिशोब मांडला. चालक मात्र काहीच बोलला नाही. स्टार्टर फिरतो आहे, म्हणजे बॅटरी शाबूत आहे, एवढे त्याने पाहिले. मग टाकीत काडी घालून डिझेल आहे याची खात्री करून घेतली. त्यानंतर गाळणीजवळचा एक लहानसा नट सैल करून तो हातपंप दाबू लागला. प्रथम नुसता फेस आला, मग बुडबुडे आले, आणि शेवटी डिझेलची अखंड धार लागली. नळीत हवा शिरली होती, एवढाच तो रोग. नट आवळला, गाडी सुरू झाली आणि आम्ही वेळेवर पोहोचलो. त्या माणसाकडे हत्यार म्हणाल तर एक पाना व एक जुने फडके होते.

त्या दिवशी परतताना आम्हांस एका जर्मन बाईंची सारखी आठवण होत होती. वाटेत अडलेली मोटार, जवळ कारखाना नाही, मदतीस माणूस नाही, आणि तरीही गाडी मुक्कामास न्यावयाचीच, हा प्रसंग जगाच्या इतिहासात ज्यांच्यावर सर्वांत आधी आला, त्या बर्थाबाई बेन्झ यांचे चरित्र यंदा वाचकांस सादर करीत आहोत.

बर्थाबाईंचा जन्म ३ मे १८४९ रोजी जर्मनीच्या बाडेन प्रांतातील फोर्ट्सहाइम या गावी झाला. वडिलांचे आडनाव रिंगर. ते सुतारकामात व बांधकामात हुशार व सुखवस्तू गृहस्थ होते. त्या काळी युरोपातसुद्धा मुलींस यंत्रविद्येचे उच्च शिक्षण देण्याची चाल नव्हती, तेव्हा बर्थाबाईंच्या वाट्यासही ते आले नाही.

त्यांचा वाङ्निश्चय झाला तो कार्ल बेन्झ नावाच्या तरुण यंत्रशास्त्र्याशी. कार्ल यांचे वडील आगगाडीच्या इंजिनावर चालक होते. मुलगा लहान असतानाच ते वारले. आईने मोठ्या कष्टाने मुलास कार्ल्सरुहे येथील तंत्रविद्यालयात शिकविले. १८७१ मध्ये कार्ल यांनी एका भागीदारासह मानहाइम शहरी एक कारखाना काढला. परंतु भागीदार कामाचा निघाला नाही आणि धंदा बुडू लागला. तेव्हा बर्थाबाईंनी आपल्या लग्नात मिळावयाची रक्कम लग्नाआधीच मागून घेतली व ती देऊन त्या भागीदारास मोकळे केले. पुढे २० जुलै १८७२ रोजी उभयतांचा विवाह झाला.

पालकवर्गास येथे क्षणभर थांबण्याची विनंती आहे. आपल्याकडे मुलीच्या लग्नात जो पैसा जातो तो मांडवात, वाजंत्रीत व जेवणावळीत जातो, आणि उरला तर सासरच्या पेटीत. बर्थाबाईंनी आपला पैसा एका अशा यंत्रात घातला की जे अद्याप जन्मासही आले नव्हते. लग्न होण्यापूर्वी तो पैसा कसा वापरावा हे ठरविणे त्यांच्या हाती होते. लग्न झाल्यावर मात्र त्या काळच्या तिकडील कायद्याप्रमाणे विवाहित स्त्रीच्या धनाचा कारभार पतीकडे जाई. यामुळे पुढे जे पेटंट निघाले त्यावर एकट्या कार्ल यांचे नाव आहे. यात कार्ल यांचा दोष नाही. पण ज्या कागदाने जग बदलले त्या कागदावर भांडवल देणारीचे नाव नसावे, ही गोष्ट आमच्या मनाला लागून राहते.

लग्नानंतरची वर्षे फार ओढगस्तीची गेली. कर्जापायी कारखान्यातील हत्यारांवर जप्ती येण्यापर्यंत पाळी आली. घरात मुले होऊ लागली होती. कार्ल गॅसवर चालणारे दोन धक्क्यांचे इंजिन बनविण्याच्या नादात होते व ते काही केल्या चालू होईना. १८७९ सालच्या शेवटच्या रात्री जेवणे झाल्यावर बर्थाबाईंनीच आणखी एकदा करून पाहू या असा आग्रह धरला. दोघे कारखान्यात गेली, चाक फिरविले, आणि इंजिन ठेक्यात चालू लागले. तासभर ती दोघे ते नुसते ऐकत उभी होती असे सांगतात. बाहेर नव्या वर्षाच्या घंटा वाजू लागल्या होत्या.

१८८३ मध्ये नवे भागीदार मिळून बेन्झ आणि कंपनी स्थापन झाली, आणि २९ जानेवारी १८८६ रोजी कार्ल यांनी तीन चाकांच्या, स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या गाडीचे पेटंट मागितले. त्याचा क्रमांक ३७४३५. मोटारगाडीचा जन्मदिवस म्हणून हाच दिवस मानला जातो. त्याच वर्षी जुलै महिन्यात ती गाडी मानहाइमच्या रस्त्यावर उघडपणे धावली.

परंतु लोक गाडी पाहण्यास जमले, ती विकत घेण्यास नव्हे. एवढा आवाज करणारे, धूर सोडणारे आणि केव्हा बंद पडेल याचा नेम नसलेले ते धूड घोडा सोडून कोणी का घ्यावे? कार्ल बुद्धिमान, पण स्वभावाने साशंक. गाडीत आणखी काही सुधारणा करावी, मग आणखी काही, असे त्यांचे चालले होते. घराजवळच्या लहान फेऱ्यांपलीकडे गाडी जातच नव्हती. बर्थाबाईंनी ओळखले की, ही गाडी लांबच्या गावी जाऊन येते हे जोपर्यंत लोकांच्या डोळ्यांनी पाहिले जात नाही, तोपर्यंत तिचा उपयोग कोणास पटणार नाही. आणि त्यांचा स्वतःचा पैसा व सोळा वर्षांचा संसार त्या गाडीत अडकलेला होता.

१८८८ च्या ऑगस्ट महिन्यात, एके दिवशी पहाटे, पतीस काही न सांगता, बर्थाबाई आपले दोन मुलगे ऑयगेन व रिखार्ड यांस घेऊन निघाल्या. थोरला १५ वर्षांचा, धाकटा त्याहून सव्वा-दीड वर्षाने लहान. जावयाचे होते फोर्ट्सहाइमला, माहेरी, आईकडे. वाटेचे अंतर सुमारे १०६ किलोमीटर. म्हणजे आमच्या वाचकांनी असे समजावे की हदगावाहून नांदेडास जाऊन परत निम्म्या वाटेवर यावे. रस्ते बैलगाड्यांचे व घोडागाड्यांचे. वेग ताशी फार तर १६ किलोमीटर, म्हणजे सायकलस्वाराइतका. पतीस न विचारता जाणे बरे की वाईट, हा वाद आम्ही वर्गात एकदा घातला होता. मुलांचे एक मत झाले नाही व आम्हीही निकाल दिला नाही.

आता त्या गाडीची रचना थोडी समजून घेतली पाहिजे, म्हणजे पुढील हकीकत नीट कळेल. मागे एकच नळकांडे असलेले इंजिन व त्याला एक मोठे आडवे चाक. ते चाक हाताने फिरवून इंजिन सुरू करावयाचे. इंजिनाची शक्ती पट्ट्याने पुढे येई व तेथून दोन्ही बाजूंच्या साखळ्यांनी मागच्या चाकांना मिळे. इंधनासाठी आजच्यासारखी मोठी टाकी नव्हतीच. इंधनाची वाफ करणाऱ्या भांड्यात ४॥ लिटर मावेल तेवढेच. ठिणगी बॅटरीच्या विजेने पडे. इंजिन थंड ठेवण्यास पाणी होते, परंतु ते पाणी उकळून वाफ होऊन निघून जाई, म्हणून सारखे भरावे लागे. ब्रेक लाकडी ठोकळ्याचा. तात्पर्य, इंधन, ठिणगी, पाणी, साखळी व ब्रेक ही पाचही अंगे शाबूत असतील तरच गाडी चालणार. आणि त्या एका प्रवासात ही पाचही अंगे एकामागून एक रुसून बसली!

पाण्यासाठी वाटेतील विहिरी व ओढे उपयोगी पडले. हायडेलबर्ग मागे टाकून वीसलोख या गावी येईपर्यंत इंधन संपत आले. त्या काळी पेट्रोलपंप कोठून असणार? मोटारच जेथे नाही तेथे पंप कोणासाठी? परंतु ज्याला तेव्हा लिग्रोइन म्हणत ते पातळ द्रव्य कपड्यांवरील डाग काढण्यासाठी औषधाच्या दुकानात मिळते, हे बर्थाबाईंस ठाऊक होते. त्यांनी गावातील औषधालय गाठले आणि तेथील औषधविक्रेते विली ओकेल यांच्याकडचा साठा विकत घेतला. डाग काढावयास कोणी एवढे नेत नाही, तेव्हा ते गृहस्थ चकित झाले असल्यास नवल नाही. वीसलोखचे ते औषधालय आज जगातील पहिला पेट्रोलपंप म्हणून ओळखले जाते.

पुढे इंधन असूनही इंजिन अडले. येथे आमच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे. भांड्यात इंधन आहे आणि इंजिनास ते मिळत नाही, याचा अर्थ अडथळा मधल्या वाटेत आहे. इंधनाची नळी कचऱ्याने तुंबली होती. बर्थाबाईंनी आपल्या टोपीची लांब पिन काढली व नळी साफ केली. दुसऱ्या वेळी ठिणगीच्या तारेचे वेष्टन झिजून तार उघडी पडली होती. उघडी तार लोखंडास लागली की वीज भलत्याच वाटेने जाते आणि ठिणगी पडत नाही. बर्थाबाईंनी पायमोजा घसरू नये म्हणून बांधावयाचा आपला पट्टा सोडला व तो तारेभोवती गुंडाळला.

पिनेची व पट्ट्याची ही गोष्ट ज्या ज्या वेळी आम्ही सांगतो त्या त्या वेळी मुले हसतात आणि पुढचे विसरतात. टोपीची पिन तर त्या काळी प्रत्येक बाईजवळ असे. पिन कोठे घालावयाची हे ज्ञान मात्र एकीजवळच होते, आणि ते एका दिवसात आलेले नव्हते. सोळा वर्षे त्या कारखान्याच्या उंबरठ्यावर, हातात मूल आणि कानात इंजिनाचा आवाज, अशा स्थितीत ते त्यांनी मिळविले होते. आमच्या जीपच्या चालकाने स्टार्टर, मग टाकी, मग गाळणी, या क्रमाने जो शोध घेतला, तो याच जातीचा. आजही घरची मोटारसायकल वा ट्रॅक्टर सुरू होत नसेल, तर सर्वच खिळे सोडण्याआधी हाच प्रश्न विचारावा : इंधन आहे काय, ते पोहोचते काय, हवा मिळते काय, आणि पेट्रोलचे इंजिन असल्यास ठिणगी पडते काय? डिझेलच्या इंजिनात ठिणगीचा प्रश्न नाही; तेथे हवा दाबली जाऊन जी उष्णता निर्माण होते तिनेच इंधन पेटते, म्हणून तेथे नळीत शिरलेली हवा हाच मोठा शत्रू. अलीकडच्या गाड्यांत संगणक बसविलेले असतात व त्यांचे दोष यंत्र लावूनच कळतात. तरी तुंबलेली गाळणी व सैल झालेली तार यांस संगणकाचा धाक वाटत नाही. मात्र दोन गोष्टी आम्ही बजावून सांगतो. पेट्रोलची नळी सोडली असता जवळ काडी ओढू नये, आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतील दाबलेले उकळते पाणी तोंडावर येते व माणूस जन्माचा विद्रूप होतो. बर्थाबाईंच्या गाडीत पाणी उघडेच उकळत असे, तेथे हे भय नव्हते.

ब्रुखझाल येथे साखळी ताणली गेल्यामुळे लोहाराकडे जावे लागले. चढ आला की गाडी दमे. मग धाकट्यास सुकाणूपाशी बसवून आई व थोरला मुलगा मागून ढकलीत. उतार आला की निराळेच संकट. लाकडी ब्रेक झिजून गाडी आवरेना. बाउश्लोट या खेडेगावी एका मोच्याकडून त्यांनी त्या ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकला जे अस्तर लावतात, ज्याला आमचे गॅरेजवाले लायनर म्हणतात, त्याचा उगम या चामड्याच्या तुकड्यात आहे असे मानतात. म्हणजे त्या प्रवासात गाडी दुरुस्त केली ती एका गृहिणीने, एका लोहाराने व एका मोच्याने. मोटारीचा कारागीर म्हणून वेगळा असा कोणी अजून पृथ्वीवर नव्हता.

अंधार पडता पडता ती तिघे फोर्ट्सहाइमला पोहोचली. बर्थाबाईंनी पतीस तार करून सुखरूप असल्याचे कळविले. काही दिवसांनी गाडी दुसऱ्या वाटेने मानहाइमला परत आली; रेल्वेवर चढवून नव्हे, आपल्या चाकांवर.

आल्यावर त्यांनी पतीस काय काय बिघडले याची हकीकत सांगितली, आणि चढासाठी आणखी एक गियर हवा अशी सूचना केली. ती अमलात आली. आमच्या मते मोठेपणा आहे तो या परतीनंतरच्या हकीकतीत. दुरुस्ती दोन प्रकारची असते. एक वेळ मारून नेण्याची, जी पिनेने व पट्ट्याने होते. दुसरी, तोच दोष पुन्हा येऊ नये अशी, जी घरी येऊन कागदावर करावी लागते. आमच्या रस्त्यावरचे पुष्कळ कारागीर पहिलीत तरबेज आहेत व दुसरीस ते वेळ देत नाहीत. कारण दुसऱ्या दिवशी तीच गाडी पुन्हा अडली तर पुन्हा मजुरी मिळते. हे आम्ही थट्टेने म्हणतो, पण सगळेच थट्टेने म्हणत नाही.

त्या वर्षी म्युनिक येथील प्रदर्शनात बेन्झ यांच्या गाडीस सुवर्णपदक मिळाले. तरीही गिऱ्हाईक हळूहळूच जमले. १८८६ ते १८९३ पर्यंत त्या तीनचाकी गाड्या अवघ्या २५ च्या आसपास विकल्या गेल्या. पुढे चार चाकांच्या गाड्या निघाल्या आणि १८९९ सालात कारखान्याने ५७२ गाड्या बनविल्या. तेव्हा जगात त्याहून मोठा मोटारीचा कारखाना नव्हता. त्या सुमारास मुंबईतही पहिल्या मोटारी दिसू लागल्या होत्या. आमच्या बाजूस मोटार यावयास अधिक काळ लागला. आमचा नांदेड जिल्हा निजामाच्या संस्थानात असताना, १९३२ मध्ये, संस्थानच्या रेल्वेखात्याने २७ बसगाड्या घेऊन प्रवासी वाहतूक सुरू केली. त्या वर्षी बर्थाबाई ८३ वर्षांच्या होत्या व हयात होत्या. त्यांच्या हयातीतच त्यांची ती घोड्यावाचूनची गाडी आमच्या मुलखात येऊन पोहोचली.

मध्यंतरी त्यांच्या घरी चढउतार झालेच. १९०३ मध्ये कार्ल मतभेदांमुळे आपल्याच कारखान्यातून बाजूस झाले व लाडेनबुर्ग या गावी राहावयास गेले. तेथे मुलांसह त्यांनी दुसरा कारखाना काढला. तो फार मोठा झाला नाही. १९१४ मध्ये कार्ल्सरुहेच्या विद्यालयाने कार्ल यांस सन्मान्य डॉक्टरची पदवी दिली. १९२६ मध्ये बेन्झ व डायम्लर हे दोन जुने प्रतिस्पर्धी एकत्र झाले. ४ एप्रिल १९२९ रोजी कार्ल वारले. बर्थाबाईंनी त्यानंतर १५ वर्षे लाडेनबुर्गच्या त्याच घरात काढली.

ज्या विद्यालयाने पतीस डॉक्टर केले त्याच विद्यालयाने बर्थाबाईंस सन्मान्य सिनेटर ही पदवी दिली. पण केव्हा, तर ३ मे १९४४ रोजी, त्यांच्या ९५ व्या वाढदिवशी. जर्मनीवर तेव्हा महायुद्धाची छाया होती. पदवी मिळाल्यावर दोनच दिवसांनी, ५ मे रोजी, बर्थाबाई निवर्तल्या.

२००८ मध्ये मानहाइम ते फोर्ट्सहाइम व परत, या त्यांच्या वाटेस त्यांचे नाव देऊन रस्त्यावर फलक लावण्यात आले. वीसलोखच्या औषधालयासमोर त्या प्रवासाचे स्मारक उभे आहे. त्या वाटेने जाणाऱ्या मोटारी ते अंतर आता दोन-अडीच तासांत काटतात, आणि मध्ये थांबल्या तर बहुधा चहा-कॉफीसाठीच थांबतात.